अपंगांची नियतकालिके आणि त्यांचा राजकीय अधिकार

लोकशाहीत मतदार हा राजा आहे, असे आपण शालेय पुस्तकापासून ग्रामसभेच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र ऐकतो. परंतु मत देण्यापूर्वी या राजाला काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. निवडणूक केव्हा आहे, उमेदवार कोण आहेत, मागच्या पाच वर्षांत कोणी काय केले, हे त्याला वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन, पंचायतीचा फलक आणि अजूनही काही गावांत दवंडी यांतून कळते. आता ज्याला दिसत नाही त्याला फलकाचा काय उपयोग? ज्याला ऐकू येत नाही त्याला दवंडीचा काय उपयोग? आणि ज्याला पंचायतीच्या चार पायऱ्या चढता येत नाहीत, त्याने त्या कचेरीत होणारी चर्चा कोठून ऐकावी? मताचा कागदोपत्री अधिकार आणि तो बजावण्याची शक्ती यांमध्ये जे अंतर आहे, ते माहितीच्या साधनांनी भरून निघते. म्हणूनच अपंगांच्या चळवळीचा इतिहास पाहू लागले की, तिच्या मुळाशी बहुधा एखादे लहानसे नियतकालिक सापडते.

आरंभी शब्दाविषयी थोडे. पूर्वी आपल्या कायद्यांत व बोलण्यात ‘अपंग’ हा शब्द रूढ होता. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला व तो आता शासनव्यवहारात सर्वत्र वापरला जातो. अपंगांच्या काही संघटनांनी त्यास हरकत घेतली. आमच्या अंगी काही दिव्य नाही, आम्हांला रस्ता व शाळा हव्या आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रस्तुत लेखात दोन्ही शब्द प्रसंगानुसार आले आहेत. कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी हे ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याला हाक मारावयाची त्याचाच असावा, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

अपंगांविषयीचे लेखन आणि अपंगांनी केलेले लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारचे लेखन आपल्याकडे विपुल आहे. दरवर्षी ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनी, वृत्तपत्रांत एखादे छायाचित्र येते. पाहुणे तीनचाकी सायकल देत आहेत आणि घेणारा हात जोडून बसला आहे. खाली पाहुण्यांची नावे क्रमाने दिलेली असतात. सायकल घेणाऱ्याचे नाव मात्र बहुधा नसते. शासकीय पत्रिकाही यास अपवाद नाहीत, हे कबूल केले पाहिजे. दुसरा ठरलेला प्रकार म्हणजे पराक्रमाची कथा. हात नसलेल्या मुलाने पायाने चित्र काढले, अंध मुलीने डोंगर चढला, अशा कथा चांगल्याच असतात. पण त्या मुलीच्या गावच्या शाळेत ब्रेल पुस्तके आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांतून कोणी विचारीत नाही. कीव आणि कौतुक या दोहोंत एक साम्य आहे. दोन्हींमध्ये अपंग मनुष्य हा पाहण्याचा विषय राहतो, बोलणारा नागरिक होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये एका चित्रपटासंबंधीच्या निकालात या विषयाचा विचार केला व अपंगांचे चित्रण कसे असावे याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अपंगांची टवाळी करणारा विनोद निराळा आणि अपंगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद निराळा, असा भेद न्यायालयाने तेथे केला आहे.

दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचा इतिहास अमेरिकेत सलगपणे दिसतो. एकोणिसाव्या शतकात तेथील कर्णबधिरांच्या निवासी शाळांत मुलांना मुद्रणाचा धंदा शिकवीत. छापखान्याच्या खडखडाटाचा या मुलांना त्रास होत नसे आणि शाळा सोडल्यावर नोकरीही मिळे. हात बसावा म्हणून शाळेचे लहान पत्र काढावयाचे, असा क्रम पडला. पाहता पाहता अशी अनेक शालेय पत्रे निघू लागली व ती एकमेकांकडे टपालाने जाऊ लागली. न्यू जर्सीच्या शाळेतून १८८८ पासून १९२९ पर्यंत निघालेले ‘सायलेंट वर्कर’ हे त्यांतील फार नावाजलेले. ज्यांचे शेजारी त्यांच्याशी बोलू शकत नव्हते, अशा विखुरलेल्या माणसांना या कागदांनी एक समाज असल्याची जाणीव दिली. त्या काळी अनेक शिक्षणतज्ज्ञ खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करू पाहत होते. त्याविरुद्ध कर्णबधिरांचा युक्तिवाद मांडला गेला तो मुख्यत्वे अशाच पत्रांतून. अंधांसाठी न्यूयॉर्कहून मार्च १९०७ पासून ‘मॅटिल्डा झीग्लर मॅगेझिन’ हे उठावाच्या लिपीतील मासिक विनामूल्य निघू लागले. ज्या बाईंच्या देणगीवर ते चाले, त्यांचा स्वतःचा मुलगा अंध होता.

पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. क्लीव्हलँड शहरातील एका रुग्णालयात पोलिओचे रोगी लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात ठेवलेले असत. ते बरे होऊन, खरे म्हणजे बरे न होता, घरोघरी परतले. त्यांचा परस्परांशी संबंध राहावा म्हणून तेथील स्वयंसेविका जिनी लॉरी यांनी १९५८ मध्ये एक साधे पत्रक सुरू केले. त्यात राजकारण मुळीच नव्हते. पलंगावरून खुर्चीवर कसे यावे, तोंडात काठी धरून टंकयंत्राच्या कळा कशा दाबाव्यात, घरी मदतनीस कसा ठेवावा, असल्या गोष्टी असत. लिहिणारेही बरेचसे स्वतः पोलिओग्रस्तच. पण वाचणाऱ्यांच्या हळूहळू ध्यानी आले की, जी अडचण आपण आपल्या नशिबाची समजत होतो, ती शेकडो मैलांवरच्या माणसालाही तशीच आहे. मग ती नशिबाची नसून व्यवस्थेची असली पाहिजे. १९७० पासून या पत्रकाचे नाव ‘रिहॅबिलिटेशन गॅझेट’ झाले आणि रुग्णालयाबाहेर स्वतंत्रपणे राहण्याच्या हक्काची जी चळवळ पुढे उभी राहिली, तिच्या कार्यकर्त्यांच्या हाती ते असे.

१९७३ साली अमेरिकेत पुनर्वसनाचा एक कायदा झाला. त्यातील ५०४ व्या कलमाने सांगितले की, केंद्रशासनाचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेस अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही. कलम एका वाक्याचे; पण त्याखालचे नियम चार वर्षे स्वाक्षरीविना पडून राहिले. नियमांवाचून कायदा म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकांना वेगळे सांगावयास नको. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी अपंगांनी निरनिराळ्या शहरांतील त्या खात्याच्या कचेऱ्यांत धरणे धरले. इतरत्र ते लवकरच संपले. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र शंभराहून अधिक माणसे कचेरीतच राहिली. कोणी चाकांच्या खुर्चीवर, कोणी अंध, कोणी कर्णबधिर. कित्येकांची औषधे आणि मदतनीस घरीच राहिलेले. अधिकाऱ्यांनी दूरध्वनीच्या तारा तोडल्या. तेव्हा आतील कर्णबधिर मंडळी खिडकीशी उभी राहून बाहेरच्या कर्णबधिरांशी खुणांच्या भाषेत बोलू लागली व आतील निरोप बाहेर जाऊ लागले. ज्या भाषेला शाळेत बंदी होती, ती त्या दिवसांत साऱ्या आंदोलनाची तारयंत्रणा झाली. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेने दररोज गरम जेवण पोचविले. आंदोलनाच्या नेत्यांपैकी ज्यूडी ह्यूमन या स्वतः पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर होत्या. पूर्वी न्यूयॉर्कमध्ये शिक्षिकेची नोकरी नाकारली म्हणून त्यांनी खटला लढविला होता. २८ एप्रिल रोजी नियमांवर स्वाक्षरी झाली आणि त्यानंतर दोन दिवसांनी लोक इमारतीबाहेर आले.

या लढ्याच्या पाठोपाठ, १९८० च्या आरंभी, केंटकी राज्यातील लुईव्हिल गावी मेरी जॉन्सन व कॅस अर्विन या दोघींनी ‘डिसॅबिलिटी रॅग’ नावाचे छोटे पत्र काढले. ‘रॅग’ म्हणजे चिंधी. हलक्या दर्जाच्या वर्तमानपत्रालाही तिकडे तेच म्हणतात. नावातच थट्टा होती आणि आतही ती असे. अपंग मुलांना व्यासपीठावर आणून, डोळ्यांत पाणी आणून दूरचित्रवाणीवरून देणग्या गोळा करण्याचे मोठाले कार्यक्रम तेव्हा फार लोकप्रिय होते. त्यांवर या पत्राने सडेतोड टीका केली. देणगी देणाऱ्याला आपण कर्तव्य केले असे वाटते, आणि बसगाडीत चाकांची खुर्ची चढत नाही हा प्रश्न तसाच राहतो, असा त्या टीकेचा आशय होता. बसगाड्यांसाठी अपंगांनी गावोगावी गाड्यांसमोर ठिय्या दिला, त्याच्या बातम्या मोठ्या दैनिकांत चार ओळींत येत. येथे त्यांचे विवेचन होई. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. त्याचे श्रेय एका पत्राला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण तो कायदा कशासाठी हवा हे अपंगांच्या घराघरांत आधी समजावून सांगण्याचे काम अशा पत्रांनी केले, एवढे निश्चित. १९९६ नंतर ‘रॅग’ दुसऱ्या नावाने निघू लागले.

आपल्या देशात अंधांच्या वाचनाची घडी बसली ती १९५१ च्या सुमारास, जेव्हा सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच ठिपक्यांची लिपी मान्य झाली. तिचे एक वैशिष्ट्य सीमाभागातील व परप्रांतांतील मराठी वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. ‘क’ हे अक्षर मराठीत, कन्नडात, गुजरातीत वा तेलुगूत वेगवेगळ्या आकाराचे दिसते. ब्रेलमध्ये मात्र त्या ध्वनीला सर्वत्र तेच ठिपके आहेत. बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबाद येथील डोळस मराठी मुलाला दुसरी लिपी शिकावी लागते. अंध मुलाला फक्त दुसरी भाषा शिकावी लागते. लिपीवरून भांडणाऱ्यांना हा विचार करण्याजोगा विषय आहे! ब्रेल ग्रंथांना भारतीय टपालखाते ठराविक वजनापर्यंत खर्च आकारीत नाही, हीही फार मोठी सोय आहे, कारण छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन जाड पाने होतात.

पुस्तके होती, पण चालू घडामोडींचे मराठी पत्र अंधांना नव्हते. आकाशवाणी ऐकता येते हे खरे. परंतु ऐकलेली बातमी पुन्हा चाळता येत नाही, तिच्यातील नावाचे लेखन कळत नाही, आवडता मजकूर कापून ठेवता येत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. थोरात स्वतः डोळस. अंध मुलांबरोबर नाटक बसविताना त्यांना ही उणीव जाणवली. अंध वाचकाच्या स्वतःच्या हाती येणारा, दुसऱ्याने वाचून न दाखविलेला अंक, हे त्याचे मोल. दुसरा मनुष्य वाचून दाखवितो तेव्हा काय वाचावे व काय गाळावे हे तोच ठरवितो. निवडणुकीच्या दिवसांत ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. कर्णबधिरांसाठी दूरदर्शनने १९८७ मध्ये खुणांच्या भाषेतील साप्ताहिक बातम्या सुरू केल्या. आठवड्यातून एकदा! शेजाऱ्याला रोज कळणारे यांना रविवारी कळावयाचे. डिसेंबर २०२४ पासून भारतीय सांकेतिक भाषेसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणीवर ३१ क्रमांकाची स्वतंत्र वाहिनी आहे. शिक्षकांनी तिचा उपयोग अवश्य करावा.

संख्या हाही राजकारणाचा विषय आहे. ब्रिटिश अमदानीत १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत अपंगांची नोंद होत असे. नंतर ती थांबली. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष असल्याने त्या गणनेत काही प्रश्न आले, १९९१ मध्ये ते पुन्हा वगळले गेले. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम कशी धरणार? जावेद अबिदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा धसास लावला. २००१ च्या गणनेत प्रश्न परत आला व सुमारे २ कोटी १९ लक्ष व्यक्तींची नोंद झाली. २०११ मध्ये ती २ कोटी ६८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के झाली. प्रगणकाने प्रश्न नीट विचारला नाही किंवा कुटुंबाने लाजेने लपविले, तर ही संख्या घटते. प्रगणक म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांस हे ठाऊक आहे.

अबिदी हे स्वतः चाकांच्या खुर्चीवर असत व पत्रकारितेचे शिक्षण घेतलेले होते. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेत अपंगांचा पहिला सर्वंकष कायदा संमत झाला, त्यापूर्वी दिल्लीत झालेल्या निदर्शनांत ते अग्रभागी होते. वृत्तपत्राला काय हवे असते याची त्यांना जाण होती, आणि याचा उपयोग २००४ मध्ये झाला. त्या वर्षी लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा २० एप्रिलला होता. अपंग मतदारांना मतदान केंद्रात शिरताच येत नाही, अशी तक्रार त्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेली. न्यायालयाने १९ एप्रिलला, म्हणजे आदल्याच दिवशी, केंद्रांवर उतरणीची सोय करण्याविषयी निवडणूक आयोगास निदेश दिले. त्याच वर्षी हैदराबादेतील आसिफनगर विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मतदानयंत्रावर ब्रेल अंकांचा प्रयोग करण्यात आला. पुढे काही राज्यांत तो वाढवीत नेऊन २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ब्रेल अंक असलेली यंत्रे देशभर वापरण्यात आली. आज यंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या कळीशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो आणि केंद्राध्यक्षाजवळ ब्रेलमधील नमुना मतपत्रिका असते. अंध मतदाराने तीवर बोट फिरवून उमेदवाराचा क्रमांक पाहावा, पत्रिका परत करावी आणि आत जाऊन स्वतः कळ दाबावी. १९५३ साली कलकत्त्याच्या पोटनिवडणुकीत साधन गुप्त हे अंध वकील लोकसभेवर निवडून आले होते. अंध मनुष्य खासदार होऊ शकला. पण अंध मतदाराला आपले मत गुप्तपणे देता येण्यास त्यानंतर अर्धशतक लागले.

निवडून जाण्याचा मार्ग सर्वांना सारखा मोकळा होता असेही नाही. हैदराबादच्या राजकारणात वाढलेले जयपाल रेड्डी पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालत आणि केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. दुसरीकडे, ओरिसाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्यास पद धारण करण्यास मनाई होती व २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. मात्र वैद्यकशास्त्र पुढे गेले असल्याने विधिमंडळाने तिचा फेरविचार करावा, असेही न्यायालयाने सुचविले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या ११ व्या कलमाने सर्व मतदान केंद्रे सुगम असावीत व निवडणुकीची सर्व माहिती अपंगांस समजेल अशा रूपात असावी, हे निवडणूक आयोगाचे कर्तव्य ठरविले आहे. तामिळनाडूने २०२५ मध्ये याहून पुढे जाऊन स्थानिक संस्थांवर दिव्यांग व्यक्तींची नियुक्ती करण्याची तरतूद कायद्यात आणली. नियुक्त सदस्याचा आवाज निवडून आलेल्याइतका चालतो काय, ही शंका रास्त आहे. पण सभेच्या खोलीत अशी एक व्यक्ती बसली म्हणजे निदान ती सभा माडीवर भरविता येत नाही. आपल्या शेजारी गोव्यात, पणजी येथे जानेवारी २०२३ मध्ये प्रथम भरलेल्या पर्पल फेस्टने हाच विषय उत्सवाच्या रूपाने लोकांसमोर आणला. उत्सव संपल्यावर मांडवातील उतरणी काढून नेल्या जातात. गावातील शाळेच्या पायऱ्या तेथेच राहतात, हेही विसरता येत नाही.

ग्रामपातळीवर खर्चाची कामे थोडी आहेत. उतरणीचा नियम उंचीस बारापट लांबी असा आहे. एक फूट उंचीच्या ओट्यास बारा फूट लांब उतरण लागते. पुष्कळ ठिकाणी तीन-चार फुटांत ती उरकलेली दिसते. अशा उतरणीवरून खुर्ची चढत नाही, उलट घसरते, आणि दप्तरी मात्र ‘सोय केली’ अशी नोंद होते. ग्रामसभेची सूचना फलकावर लावण्याबरोबर ध्वनिक्षेपकावरून वाचावी, आणि कर्णबधिर व्यक्तीच्या घरी चिठ्ठी पाठवावी. शाळेत भित्तिपत्रक असतेच. त्यात वर्गातील अपंग मुलाला त्याच्या अपंगत्वावर निबंध लिहावयास न सांगता गावच्या पाणीपुरवठ्यावर लिहावयास सांगावे. तो विहिरीपर्यंत कसा जातो ते त्यात आपोआप येईल.

मतदानाविषयी दोन नियम मात्र पुरते ठाऊक असावेत, कारण त्यांत चुका फार होतात. अंध किंवा अशक्त मतदारास सोबती नेता येतो. त्याचे वय १८ वर्षांहून कमी नसावे, त्याने गुप्तता पाळण्याचे लेखी निवेदन करावे लागते, आणि एका दिवशी त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येते. एकच कार्यकर्ता पाच-सहा जणांना ‘मदत’ करताना दिसला, तर केंद्राध्यक्षाने त्यास थांबवावे. मतदाराने सोबती नको असे सांगितले, तर तो त्याच्यावर लादता येत नाही. दुसरा नियम घरून मतदानाचा. लोकसभा व विधानसभा निवडणुकांत ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मतदारास टपाली मतपत्रिकेने घरी मत देता येते. त्यासाठी १२-घ हा नमुना निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. अर्ज मंजूर झाला की, मतदान पथक आगाऊ कळवून घरी येते. मतदार पहिल्या खेपेस घरी नसल्यास ते आणखी एकदा येते, त्यानंतर येत नाही. आणि एकदा हा मार्ग स्वीकारला म्हणजे मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही; म्हणून अर्ज भरून घेणाऱ्याने ही गोष्ट मतदाराला स्वाक्षरीपूर्वी सांगावी, आणि ती त्याच्या घरच्या माणसाला नव्हे, त्यालाच सांगावी.